इमिग्रेशननंतरचे पुढचे विमान : बीडकर प्रवाशांसाठी वेळेचे गणित

बीड (प्रतिनिधी) : बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. त्यामुळे जिल्ह्यातून परदेशी जाणाऱ्या प्रवाशाचा प्रवास बहुधा तीन टप्प्यांत होतो : घरापासून विमानतळापर्यंत रस्त्याने, तेथून मुंबई, दिल्ली किंवा हैदराबादपर्यंत देशांतर्गत विमानाने आणि पुढे आंतरराष्ट्रीय विमानाने. अमेरिकेसारख्या दूरच्या देशात जायचे असेल, तर दुबई, दोहा किंवा युरोपातील एखाद्या शहरात चौथा टप्पाही येतो. यांतील एक दुवा निसटला, की पुढची साखळी तुटते. अशा प्रवासात सर्वाधिक अनिश्चित वेळ लागतो तो इमिग्रेशनच्या रांगेत. ती रांग पार करून पुढचे विमान कसे गाठावे, तिकीट काढताना कोणती काळजी घ्यावी आणि विमान चुकलेच तर काय करावे, याची ही माहिती.

पुण्यात शिकून परदेशी नोकरीला गेलेली मुले आज जिल्ह्याच्या अनेक गावांत आहेत. मुलाकडे किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी जाणारे आईवडील अनेकदा आयुष्यातला पहिला विमानप्रवासच परदेशाचा करतात. आखाती देशांत कामासाठी जाणाऱ्यांचाही वर्ग आहे. या दोन्ही गटांतील प्रवाशांना चुकलेल्या विमानाची किंमत सर्वाधिक मोजावी लागते. आईवडिलांना परक्या विमानतळावर भाषेविना रात्र काढावी लागू शकते, तर कामगाराला ऐनवेळी नवे तिकीट घेणे परवडणारे नसते.

तिकीट एक की दोन?

पुढचे विमान मिळेल की नाही, याचा निम्मा निकाल विमानतळावर नव्हे तर तिकीट काढतानाच लागतो. संपूर्ण प्रवास एकाच पीएनआर क्रमांकावर, म्हणजे एकाच तिकिटावर असेल, तर दोन विमानांमधील अंतर हे त्या विमानतळासाठी ठरवून दिलेल्या किमान वेळेपेक्षा कमी ठेवता येत नाही. विमान व्यवसायात याला 'मिनिमम कनेक्टिंग टाइम' म्हणतात. पहिले विमान उशिरा पोहोचल्याने दुसरे चुकले, तर पुढच्या उपलब्ध विमानात जागा देण्याची जबाबदारी अशा तिकिटावर विमान कंपनी घेते.

दोन स्वतंत्र तिकिटे मात्र दोन स्वतंत्र करार असतात. मुंबई-दुबई एका कंपनीचे आणि छत्रपती संभाजीनगर-मुंबई दुसऱ्या कंपनीचे, असे स्वस्त पडते म्हणून तिकीट काढले जाते. पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रवासी वेळेवर हजर झाला नाही, इतकेच. तिकिटाची रक्कम बुडते आणि नवे तिकीट त्या दिवसाच्या भावाने घ्यावे लागते. तिकीट काढण्यापूर्वी एजंटला 'हे सगळे एकाच पीएनआरवर आहे का?' हा प्रश्न आवर्जून विचारावा.

सामानाचाही मुद्दा येथेच येतो. एका तिकिटावर असलेल्या देशांतर्गत टप्प्याला सामान्यतः आंतरराष्ट्रीय प्रवासाचीच सामान मर्यादा लागू होते. स्वतंत्र देशांतर्गत तिकिटावर ती बहुतेक कंपन्यांत १५ किलोची असते. अमेरिकेहून २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन आलेल्या प्रवाशाला मुंबईत जादा वजनाचे पैसे भरण्यात आणि त्या रांगेत उभे राहण्यात मोलाचा वेळ घालवावा लागतो.

पहिला टप्पा गाळू नये

बीडकरांकडून होणारी एक चूक विशेष महागात पडते. संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट काढायचे आणि ऐनवेळी 'संभाजीनगरऐवजी थेट मोटारीने मुंबईला जाऊ' असे ठरवायचे. पहिल्या टप्प्याला प्रवासी हजर नसेल, तर विमान कंपन्यांच्या सर्वसाधारण नियमांनुसार त्या तिकिटावरील पुढचे सर्व टप्पे, परतीसह, रद्द होतात. मुंबईच्या काउंटरवर पोहोचल्यावर हे कळते, तेव्हा उपाय उरलेला नसतो. रस्त्याने जायचे असल्यास आधीच कंपनीशी किंवा एजंटशी बोलून तिकिटात बदल करून घ्यावा.

दुसरी चूक तारखेची. मुंबईहून अनेक आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ तारीख, ००.४५' असे लिहिले असेल, तर प्रवाशाने १४ तारखेच्या संध्याकाळी विमानतळावर असायला हवे. तिकिटावरील सर्व वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात, हेही लक्षात ठेवावे.

जाताना इमिग्रेशन कोठे होते?

संभाजीनगरहून मुंबई, दिल्ली किंवा हैदराबादमार्गे परदेशी जाताना देशाबाहेर पडण्याची इमिग्रेशन तपासणी जेथून आंतरराष्ट्रीय विमान सुटते तेथे होते. एकाच तिकिटावर बॅगा चिकलठाणा विमानतळावरच अंतिम मुक्कामापर्यंत नोंदवता येतात. बॅगेला लावलेल्या पट्टीवर शेवटच्या शहराचे संकेताक्षर आहे का, हे काउंटर सोडण्यापूर्वी वाचून घ्यावे.

भारतीय नागरिकांना आता बाहेर पडताना किंवा परत येताना इमिग्रेशनचे छापील कार्ड भरावे लागत नाही. परतीचे कार्ड मार्च २०१४ पासून, तर जाण्याचे कार्ड जुलै २०१७ पासून बंद झाले. मात्र कामासाठी आखाती देशांत जाणाऱ्यांनी पासपोर्टवरील 'ईसीआर' नोंद तपासावी. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार या नोंदीच्या पासपोर्टवर ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' यांची मंजुरी लागते आणि ती शासनाच्या ई-मायग्रेट प्रणालीतून मिळते. ही मंजुरी नसल्यास प्रवासी इमिग्रेशनलाच अडतो. अशा वेळी हातात कितीही तास असले, तरी विमान मिळत नाही.

परतताना : सामान पहिल्याच विमानतळावर

परतीच्या प्रवासात गणित उलटते. भारतात ज्या विमानतळावर पहिले पाऊल पडते, तेथेच इमिग्रेशन आणि सीमाशुल्क तपासणी होते. पुढचे तिकीट संभाजीनगरपर्यंतचे असले, तरी सामान्यतः मुंबईत पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, हिरव्या किंवा लाल मार्गिकेतून कस्टम्स पार करायचे, बॅगा पुन्हा देशांतर्गत विमानासाठी सोपवायच्या आणि नव्याने सुरक्षा तपासणी करून घ्यायची, असा क्रम असतो. 'बॅगा आपोआप पुढे जातील' असे समजून पट्ट्याकडे न थांबता निघून जाणाऱ्या प्रवाशाच्या बॅगा मुंबईतच राहतात. काही मार्गांवर वेगळी व्यवस्था असू शकते. त्यामुळे परदेशात सामान सोपवतानाच याची खात्री करून घेणे योग्य.

एक काल्पनिक पण व्यवहार्य हिशेब पाहू. समजा, विमान पहाटे चार वाजता मुंबईत उतरले. विमानाचे दार उघडून इमिग्रेशनपर्यंत चालत जाण्यास २० मिनिटे, रांगेत ४५ मिनिटे, पट्ट्यावर बॅगांसाठी आणखी २० मिनिटे आणि कस्टम्ससाठी १० मिनिटे धरली, तर ५.३५ वाजतात. पुढचे विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल, तर ४० मिनिटे त्यात मिळवावी लागतात, म्हणजे सव्वासहा. देशांतर्गत विमानांचे सामान स्वीकारणे सामान्यतः सुटण्यापूर्वी ६० मिनिटे बंद होते आणि विमानात चढण्याचे दार २० ते २५ मिनिटे आधी. याचा अर्थ, काहीही न बिघडता सव्वासातचे विमान जेमतेम मिळेल. पहिल्या विमानाला तासभर उशीर झाला, तर सव्वाआठचे. तात्पर्य, टर्मिनल बदलायचे असल्यास सव्वातीन तास ही काठावरची वेळ आहे. स्वतंत्र तिकिटे असतील, तर साडेचार ते पाच तास हातात ठेवणे शहाणपणाचे.

संभाजीनगरकडे दिवसाला मोजकीच विमाने असल्याने ही सावधगिरी अधिक गरजेची ठरते. मुंबई-दिल्ली मार्गावर एक विमान चुकले तर थोड्या वेळात दुसरे असते. मराठवाड्याकडे येणाऱ्याला संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागू शकते.

टर्मिनल की विमानतळच वेगळा?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन टर्मिनल आहेत. सहार येथील टर्मिनल-२ फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाले. आंतरराष्ट्रीय विमाने तेथूनच सुटतात आणि काही देशांतर्गत विमानेही. टर्मिनल-१ सांताक्रूझ-विलेपार्लेच्या बाजूला असून त्यांच्यामध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटरचे अंतर आहे. एकाच कंपनीची काही उड्डाणे एका आणि काही दुसऱ्या टर्मिनलवरून सुटत असल्याने केवळ कंपनीच्या नावावर विसंबू नये, तिकिटावरील टी-१ किंवा टी-२ ही नोंद पाहावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रो-३ मार्गिकेवर दोन्ही टर्मिनलची स्वतंत्र स्थानके आहेत आणि त्यांच्यामध्ये सहार रोड हे एकच स्थानक येते. मात्र मेट्रो रात्रभर धावत नाही. मध्यरात्री उतरणाऱ्यांनी टॅक्सी किंवा बसचाच विचार करावा.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि प्रवासी विमाने २५ डिसेंबर २०२५ पासून देशांतर्गत मार्गांनी सुरू झाली. तेव्हापासून तिकिटावरील 'मुंबई' या शब्दाचे दोन अर्थ होऊ शकतात. सहारला उतरून नवी मुंबईहून पुढचे विमान पकडायचे असेल, तर संपूर्ण शहर ओलांडावे लागते. ही जोडणी काही तासांच्या अंतराने घेण्यासारखी नाही.

दिल्लीत आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल-३ ला येतात. देशांतर्गत विमान टर्मिनल-१ वरून असेल, तर तेथे रस्त्यानेच जावे लागते. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ मार्च २००८ मध्ये सुरू झाला. तेथे देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय विमाने एकाच टर्मिनलवरून सुटत असल्याने ही धावपळ वाचते. परळी वैजनाथहून हैदराबादला रेल्वेने जाता येते. त्यामुळे परळी-अंबाजोगाई परिसरातील प्रवाशांनी हा पर्याय तपासण्याजोगा आहे. आष्टीकरांना अहिल्यानगरमार्गे पुणे सोयीचे पडते. पुण्याहून थेट आंतरराष्ट्रीय विमाने मोजकी आहेत, परंतु इच्छित शहराला थेट विमान असल्यास एक जोडणी कमी होते.

परदेशातील पहिला विमानतळ

अमेरिका : अमेरिकेत ज्या विमानतळावर प्रथम उतरतो, तेथेच इमिग्रेशन, सामान उचलणे आणि कस्टम्स पार पाडावे लागते. मुंबई-नेवार्क-शिकागो असा प्रवास असेल, तर बॅगा नेवार्कला घेऊन पुन्हा सोपवाव्या लागतात आणि सुरक्षा तपासणी नव्याने होते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी येथे किमान तीन ते चार तासांचे अंतर ठेवावे. अबू धाबी येथे जानेवारी २०१४ पासून अमेरिकेची पूर्वतपासणी सुविधा आहे. त्या सुविधेतून जाणाऱ्या विमानांच्या प्रवाशांचे अमेरिकी इमिग्रेशन अबू धाबीतच उरकते आणि अमेरिकेत ते देशांतर्गत प्रवाशांप्रमाणे उतरतात. मात्र त्यासाठी लागणारा वेळ अबू धाबीच्या थांब्यात धरावा लागतो.

युरोप : शेंगेन गटात २९ देश आहेत. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे ॲमस्टरडॅमला जाताना इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होते, सामान मात्र एका तिकिटावर थेट ॲमस्टरडॅमला मिळते. युरोपीय संघाने १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी पद्धत सुरू केली. तीत अल्प मुदतीसाठी येणाऱ्या बिगर-युरोपीय प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाते. पहिल्या नोंदणीला अधिक वेळ लागतो, हे गृहीत धरूनच जोडणी निवडावी.

आखाती देश : दुबई, दोहा, अबू धाबी येथे केवळ विमान बदलायचे असेल आणि तिकीट एक असेल, तर सामान्यतः त्या देशाच्या इमिग्रेशनमधून जावे लागत नाही. सुरक्षा तपासणी मात्र होते. स्वतंत्र तिकिटांवर बॅगा उचलून पुन्हा सोपवायच्या असतील, तर त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि त्यासाठी व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. काही देशांत केवळ विमान बदलण्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा लागतो. तिकीट काढण्यापूर्वीच ही चौकशी व्हावी.

रांगेतला वेळ कसा वाचवावा?

केंद्रीय गृह मंत्रालयाने २२ जून २०२४ रोजी दिल्लीत 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन - ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम' सुरू केला. जानेवारी २०२५ मध्ये तो मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद येथे लागू झाला. भारतीय नागरिक व ओसीआय कार्डधारकांना ऑनलाइन अर्ज करून आणि बोटांचे ठसे व छायाचित्र देऊन ही नोंदणी विनाशुल्क करता येते. त्यानंतर अधिकाऱ्याच्या रांगेऐवजी स्वयंचलित ई-गेटमधून जाता येते. नोंदणी कमाल पाच वर्षे किंवा पासपोर्टच्या मुदतीपर्यंत, यांपैकी जे आधी संपेल तोवर वैध असते. वर्षातून एकदा तरी ये-जा करणाऱ्या कुटुंबांनी ती करून ठेवावी. अर्जाची छाननी होत असल्याने प्रवासाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

पासपोर्ट, व्हिसा, परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि तेथील नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक हातातल्या पिशवीत, एकाच पाकिटात असावेत. तिकिटावरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळायला हवे. विमानात शक्यतो पुढच्या भागातील जागा घ्यावी. तीनशे प्रवाशांच्या मागे उतरणारा रांगेतही त्यांच्या मागेच उभा राहतो.

खाद्यपदार्थांबाबत सावध राहावे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. नातवंडांसाठी ते नेण्याची हौसही समजण्यासारखी आहे. परंतु अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत ताजी फळे, बियाणे, रोपे यांवर कडक निर्बंध असून ती जाहीर न केल्यास दंड होतो. बॅग उघडून तपासणीत गेलेली अर्धा-पाऊण तासाची वेळ पुढचे विमान घालवू शकते.

एकट्या ज्येष्ठांसाठी

इंग्रजी न येणाऱ्या किंवा फार चालू न शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, चाकाच्या खुर्चीची मदत नोंदवावी. विमान कंपनीचा मदतनीस विमानाच्या दारापासून इमिग्रेशन, सामान आणि पुढच्या दारापर्यंत सोबत असतो. मदतनीस येण्यास वेळ लागू शकतो, म्हणून अशा प्रवाशांचे जोडविमान घाईचे नसावे. 'मी मुलाकडे जात आहे, पत्ता असा, दूरध्वनी असा, मला मराठी बोलता येते' एवढा मजकूर इंग्रजीत लिहिलेला कागद जवळ द्यावा. अधिकाऱ्याचा प्रश्न समजला नाही, तर अंदाजाने 'येस' म्हणू नये. दुभाषा मागण्यात गैर काही नाही.

विमान चुकलेच तर

विमानतळाबाहेर न पडता आधी विमान कंपनीच्या ट्रान्सफर काउंटरवर जावे. त्याच वेळी ॲपवर किंवा दूरध्वनीवरही प्रयत्न सुरू ठेवावा. अनेकदा प्रवासी पोहोचण्यापूर्वीच नवे आसन नोंदवलेले असते. बोर्डिंग पास आणि सामानाच्या पट्ट्या जपून ठेवाव्यात. पहिले विमान किती उशिरा आले, याचे लेखी प्रमाणपत्र मागून घ्यावे. जेवण व निवासाबाबत त्याच काउंटरवर विचारावे. इमिग्रेशनची रांग लांबली, हे कारण सहसा विमान कंपनीच्या दोषात मोडत नाही. तरीही एकाच तिकिटावरील प्रवाशाने पुढच्या विमानाची मागणी आग्रहाने करावी.

विमानाच्या उशिरामुळे झालेल्या नुकसानीबाबत १९९९ चा माँट्रियल करार भारताला २००९ पासून लागू आहे. टाळण्यासाठी सर्व वाजवी उपाय केल्याचे कंपनी सिद्ध करू शकली नाही, तर ठरावीक मर्यादेपर्यंत तिच्यावर जबाबदारी येते. युरोपीय संघातील विमानतळावरून निघालेल्या प्रवाशाला, अंतिम मुक्कामी तीन तासांहून अधिक उशीर कंपनीच्या दोषामुळे झाल्यास, अंतरानुसार ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते.

देशात तक्रारीसाठी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे 'एअरसेवा' हे संकेतस्थळ आणि ॲप २०१६ पासून आहे. तेथे समाधान न झाल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. मुंबई किंवा दिल्लीला खेटे न घालता बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागण्याचा हक्क त्यामुळे मिळाला आहे.

शेवटचा टप्पा रस्त्यानेही

परतीच्या प्रवासात मुंबई-संभाजीनगर हा शेवटचा टप्पा असल्याने तो सोडून दिला, तर पुढे काही रद्द होण्याचे राहत नाही. समृद्धी महामार्गाचा शेवटचा भाग जून २०२५ मध्ये खुला झाल्यावर मुंबईकडून संभाजीनगरला रस्त्याने येणे बरेच सुकर झाले. तेथून बीड राष्ट्रीय महामार्ग ५२ ने सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. अंबाजोगाईला मात्र दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर पडते. रात्रभर विमानात जागलेल्या प्रवाशाने स्वतः गाडी चालवू नये.

तिकीट काढताना वाचवलेले दोन हजार रुपये किंवा दोन तास पुढे किती महागात पडतील, हे इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहिल्यावर कळते. एकच तिकीट, पुरेसे अंतर आणि टर्मिनलची आगाऊ खात्री, या तीन गोष्टी घर सोडण्यापूर्वीच बघता येतात. बाकी रांग किती लांब असेल, हे कोणाच्याच हाती नसते.